पायांचे रक्ताभिसरण आणि कॅमेऱ्याची साक्ष : संज्ञांच्या दृष्टीने एक परीक्षण

१

पायांतील रक्तप्रवाह उणावला आहे किंवा काय, हे पायाला हात न लावता केवळ कॅमेऱ्याच्या साहाय्याने ओळखण्याचे जे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले, त्यांचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. विषय वैद्यकाचा व यंत्रशास्त्राचा आणि लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक. तेव्हा अधिकाराचा प्रश्न वाचकाच्या मनात प्रथम उभा राहणे साहजिक आहे. त्यास उत्तर असे की, मोजमाप कसे घ्यावे हा प्रश्न यंत्रज्ञाचा आणि उपचार काय करावा हा प्रश्न वैद्याचा असला, तरी या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न उरतो. जे मोजले त्यास नाव काय द्यावे, आणि त्या नावावरून काय समजावे, हा तो प्रश्न होय. तो चिन्ह व अर्थ यांच्या संबंधाचा आहे, आणि त्याची हेळसांड झाली तर तिचे परिणाम रुग्णाच्या पायास भोगावे लागतात, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

या विषयाकडे पुण्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे, यास स्थानिक कारणही आहे. मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे संगणकीय आज्ञावली लिहिणे हाच मुख्य व्यवसाय असलेली राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान वसाहत आहे, आणि तिच्याच दुसऱ्या टप्प्यात जैवतंत्रज्ञानाचे उद्यानही आहे. प्रतिमांचे पृथक्करण करणाऱ्या आज्ञावली ज्या तऱ्हेच्या वसाहतींत लिहिल्या जातात, त्यांपैकी ही एक. त्याच रस्त्यावर कार्यालयांच्या दारांशी दिवसभर उभे राहणारे पहारेकरी आहेत, वातानुकूलित दालनांत दिवसभर बसून राहणारे नोकरदार आहेत, आणि पलीकडे मुळशी-मावळच्या भातखाचरांत अनवाणी वावरणारा शेतकरी आहे. यांपैकी प्रत्येकाच्या पायाची तक्रार निराळी, तिचे कारण निराळे व तिचे शब्दही निराळे. एकच आज्ञावली या सर्व पायांविषयी बोलू लागेल, तेव्हा ती कोणत्या भाषेत बोलेल, हे आधीच पाहून ठेवणे इष्ट होय.

विषयाचे महत्त्व सांगण्यास एक आकडा पुरे आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. मधुमेह व तंबाखू ही पायाच्या रोहिणी अरुंद होण्याची दोन प्रमुख कारणे होत. लिओ बर्गर याने १९०८ मध्ये वर्णन केलेला व त्याच्याच नावाने ओळखला जाणारा रोग तर विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांचेच पाय प्रामुख्याने धरतो.

२

प्रथम या पद्धतींचे स्वरूप थोडक्यात पाहू. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग त्वचेच्या रंगातील सूक्ष्म बदल टिपणाऱ्या पद्धतींचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेतील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते व कमी होते, आणि त्या मानाने त्वचेतून परतणारा प्रकाश कमीअधिक होतो. हर्ट्झमन याने १९३७ च्या सुमारास प्रकाशाच्या साहाय्याने ही स्पंदने टिपली, ती साधन त्वचेला भिडवून. २००८ मध्ये व्हर्क्रॉइस, स्वासांड व नेल्सन यांनी दाखवून दिले की, खोलीतील नेहमीच्या उजेडात, मीटरभराहून अधिक अंतरावरून, बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅमेऱ्यानेही ती टिपता येतात, आणि हिरव्या रंगाच्या प्रकाशात ती सर्वांत ठळक उमटतात. रक्तातील हीमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते, हे त्याचे कारण.

दुसरा वर्ग उष्णतेच्या प्रतिमांचा. त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण कॅमेरा टिपतो आणि त्यांवरून पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा तयार होतो. २०२० मध्ये कार्यालयांच्या दारांशी कपाळाकडे रोखलेले तापमापक आपण सर्वांनीच पाहिले आहेत, तत्त्व तेच. तिसरा वर्ग लेझर प्रकाशाच्या कणीदार ठिपक्यांचा. तांबड्या पेशी हलत असतील तेथे ठिपक्यांचे चित्र पुसट होते, आणि त्या पुसटपणावरून प्रवाहाचा वेग अजमावता येतो. फर्चर व ब्रायर्स यांनी ही कल्पना १९८१ मध्ये मांडली.

या तिन्ही वर्गांना समान असलेली मर्यादा येथेच नोंदवून ठेवतो. यांपैकी एकही पद्धत रोहिणी पाहत नाही. हिरवा प्रकाश जेमतेम मिलिमीटरभर आत जातो. लेझर ठिपक्यांची पोचही साधारण तितकीच. उष्णतेची प्रतिमा तर केवळ पृष्ठभागाची. पोटरीत वा मांडीत खोल असलेली रोहिणी तुंबली आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्वचेवरून अनुमानाने काढावयाचे असते. हे अनुमान कितपत ग्राह्य मानावे, यावर पुढील सर्व विवेचन अवलंबून आहे.

३

ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. ध्वनिलेखक यंत्राने काढलेल्या आलेखात ‘ताट’ आणि ‘थाट’ या दोन शब्दांच्या आरंभी श्वासाचा झोत किती काळ टिकला, हे हजारांश सेकंदापर्यंत मोजता येते. परंतु अमुक इतक्या अवधीपर्यंत ‘त’ आणि त्यापुढे ‘थ’, हे आलेख सांगत नाही; ते मराठी भाषेची व्यवस्था सांगते. भाषेतील एककांना मूल्य येते ते परस्परांतील भेदांमुळे, असे सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण मानत आलो आहोत. मोजमाप अखंड असते, अर्थ मात्र विरोधातून उत्पन्न होतो.

पायाच्या परीक्षेतही नेमके हेच आढळते. विन्सर याने १९५० मध्ये पुढे आणलेले आणि आजही मानदंड म्हणून वापरले जाणारे मोजमाप घ्या. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, असे ते गुणोत्तर आहे, ०.९० किंवा त्याहून कमी आल्यास पायाच्या रोहिणी अरुंद झाल्या आहेत असे समजतात. यात पायाची तुलना त्याच मनुष्याच्या हाताशी केलेली आहे. मधुमेही पायांच्या उष्णतेच्या मापनातही दोन पावलांवरील समान बिंदूंत २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक टिकून राहिल्यास तो धोक्याची सूचना मानतात. येथेही अर्थ एका आकड्यात नसून दोन आकड्यांतील अंतरात आहे.

परंतु हा २.२ अंशांचा फरक कशाची सूचना देतो, हे नीट पाहिले पाहिजे. तो तळव्यास जखम होण्यापूर्वीच्या दाहाची सूचना देतो, रक्त उणे पडल्याची नव्हे. संशयित पाऊल येथे अधिक उष्ण असते. उलट रोहिणी तुंबलेल्या पायाविषयी आपली अपेक्षा अशी की, तो गार असावा. आता एकाच रुग्णास दोन्ही विकार असतील तर? शिवाय मधुमेहात मज्जातंतू दुर्बल झाले म्हणजे त्वचेतील रोहिणी व नीला यांना थेट जोडणाऱ्या वाटा उघड्या राहतात, आणि पेशींना पुरेसे रक्त मिळत नसतानाही पाऊल हातास उबदार लागते. म्हणजे ‘उबदार पाऊल’ या एका चिन्हाचे निदान तीन अर्थ संभवतात : प्रकृती ठीक आहे, दाह आहे, अथवा तंतू दुर्बल होऊन खरा दोष झाकला गेला आहे. ‘गार पाऊल’ याचेही तसेच. ते रोहिणीच्या दोषाने गार असेल, पौषातल्या पहाटेने असेल, किंवा वातानुकूलित दालनात आठ तास बसल्याने असेल. समान रूपाच्या शब्दांचा अर्थ आपण संदर्भावरून लावतो. संदर्भ काढून घेतल्यावर ‘कर’ म्हणजे हात की सारा, हे कोणासही सांगता येणार नाही. कॅमेऱ्याची प्रतिमा संदर्भावाचून वाचणे हा प्रमाद त्याच जातीचा होय.

दोन पायांच्या तुलनेची पद्धतही निर्दोष नाही. दोन्ही पायांच्या रोहिणी सारख्याच बिघडल्या असतील तर फरक शून्य येतो, आणि शून्य फरकाचा अर्थ ‘निर्दोष’ असा लावला जाण्याचा धोका असतो.

त्वचेच्या वर्णाचाही विचार येथे अवश्य आहे. त्वचेतील कृष्णद्रव्य प्रकाश शोषते, आणि हिरव्या प्रकाशाच्या बाबतीत तर विशेषच. बोटास लावावयाच्या प्राणवायुमापकाविषयी अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, रक्तातील प्राणवायू खरोखर घटलेला असूनही मापकाने तो ठीक दाखविण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. ते साधन दशकानुदशके रुग्णालयांत वापरात होते. गोऱ्या त्वचेवर पारखलेली पद्धत सावळ्या पायावर लागू करण्यापूर्वी ती सावळ्या पायावर पारखली पाहिजे, हे त्यावरून सिद्ध होते. तळव्यास कृष्णद्रव्य कमी असल्याने तेथे ही अडचण कमी भासेल. पण अनवाणी चालणाऱ्याचा तळवा जाड, भेगाळलेला व मातीने माखलेला असतो, आणि तेथे दुसरीच अडचण उभी राहते.

४

आता मूळ संज्ञेकडे वळू. ‘पायांचे रक्ताभिसरण मंद आहे’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. ‘अभिसरण’ हा शब्द ‘अभि’ आणि ‘सृ’ यांपासून झाला. त्याचा मूळ अर्थ एखाद्याकडे जाणे. ‘अभिसारिका’ ही त्याच कुळातली. हार्वी याने १६२८ मध्ये प्रतिपादिलेली कल्पना मात्र वर्तुळाची आहे : रक्त हृदयातून निघते व हृदयाकडे परतते. मराठी संज्ञेच्या व्युत्पत्तीत जाणे आहे, येणे नाही. रूढीने ही उणीव भरून काढली आणि शब्दास फेऱ्याचा अर्थ प्राप्त झाला, हे खरे. परंतु रूढ अर्थ संपूर्ण फेऱ्याचा असल्यामुळे ‘अभिसरण मंद’ म्हटल्यावर बिघाड फेऱ्याच्या कोणत्या अर्धात आहे, याचा बोध होत नाही.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. पायास रक्त पोहोचत नाही, हा रोहिणींचा दोष. पायातून रक्त परतत नाही, हा नीलांचा दोष. पहिल्यात चालताना पोटरी भरून येते, थांबल्यावर उतरते. पाऊल फिके व गार पडते. रोग वाढला म्हणजे रात्री वेदना होते आणि पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटते. दुसऱ्यात पाय जड होतो, संध्याकाळी घोटे सुजतात, नीला फुगून दिसू लागतात, आणि पाय उंचावर ठेवल्याने बरे वाटते. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या पहारेकऱ्यास बहुधा दुसरा दोष. विडी ओढणाऱ्या वा मधुमेही मनुष्यास पहिला दोष अधिक संभवतो. उपचारही परस्परविरोधी. नीलांच्या दोषात पाय आवळून धरणारे मोजे वा पट्टे गुणकारी ठरतात. रोहिणींचा दोष बळावलेल्या पायावर तेच मोजे चढविले तर जे थोडे रक्त पोहोचत होते तेही अडते, आणि कातडी मरण्याची वेळ येते. म्हणूनच असे पट्टे बांधण्यापूर्वी घोटा व दंड यांच्या दाबाचे गुणोत्तर पाहण्याचा दंडक आहे.

या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याची आज्ञावली ‘रक्ताभिसरण असमाधानकारक’ असा एकच शेरा देऊन थांबली, तर काय घडेल हे सांगावयास नको. रुग्ण तो शेरा घेऊन औषधाच्या दुकानात जातो, दुकानदार मोजे देतो, आणि संज्ञेतील संदिग्धता कातडीवर उतरते. दोष कॅमेऱ्याचा नाही; त्याने रंग वा तापमान प्रामाणिकपणे टिपले. दोष दोन विरुद्ध अवस्थांना एकच नाव देणाऱ्या भाषेचा, आणि तेच नाव पुढे उचलणाऱ्या आज्ञावलीचा आहे. प्रस्तुत लेखकाचा या पद्धतींवरील मुख्य आक्षेप हाच होय.

५

चिन्हांच्या या व्यवहारात रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांस स्थान काय? वैद्यकाने त्यांची उपेक्षा केली आहे असे म्हणता येणार नाही. जॉफ्री रोझ याने १९६२ मध्ये तयार केलेली प्रश्नावली आणि तिच्यातील उणिवा दूर करून १९९२ मध्ये तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली, या दोहोंचा उद्देश पायाच्या वेदनेवरून रोहिणींचा दोष हुडकणे हाच आहे. चालताना दुखते काय, उभे असता वा बसले असता दुखू लागते काय, थांबल्यावर दहा मिनिटांच्या आत थांबते काय, असे साधे व नेमके प्रश्न त्यांत आहेत.

या वेदनेस पाश्चात्त्य वैद्यक ‘क्लॉडिकेशन’ म्हणते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लंगडणे. बूले या फ्रेंच पशुवैद्याने १८३१ मध्ये हा विकार प्रथम घोड्यात वर्णिला आणि शार्को याने १८५८ मध्ये तो मनुष्यात दाखविला. म्हणजे ही संज्ञा पाहणाऱ्याने दिलेली, भोगणाऱ्याने नव्हे. घोडा तक्रार सांगू शकत नव्हता. मराठी रुग्ण ‘मी लंगडतो’ असे म्हणत नाही. तो म्हणतो : ‘पोटऱ्या भरून येतात’, ‘गोळे येतात’, ‘पाय ओढतात’, ‘चार पावलं चाललं की थांबावं लागतं’. यांत ‘दुखणे’ हे क्रियापद कित्येकदा येतच नाही. ‘चालताना पाय दुखतो का?’ या प्रश्नास असा रुग्ण सरळ ‘नाही’ म्हणेल, आणि ते उत्तर खोटे नसेल.

त्यातून ‘पाय’ हा शब्दच विस्तृत. मांडीपासून बोटांपर्यंतच्या सर्व अवयवास तो लागतो आणि केवळ पावलासही लागतो. ‘पाय गार पडतात’ म्हणजे तळवे, बोटे की गुडघ्याखालचा सर्व भाग? पोटरी, नडगी, घोटा, टाच, चवडा, तळवा असे नेमके शब्द भाषेत आहेत. ते विचारणाऱ्याने पुरवावयाचे असतात. एडिंबरो प्रश्नावलीत पायाचे चित्र देऊन दुखण्याची जागा त्यावर दाखवावयास सांगितले आहे. शब्दाची संदिग्धता चित्राने दूर करण्याची ही युक्ती भाषाशास्त्रज्ञासही मान्य व्हावी अशी आहे.

येथे कॅमेऱ्याच्या बाजूने जे बोलावयाचे ते स्पष्ट बोलले पाहिजे. मज्जातंतू बधिर झालेल्या मधुमेही पायास वेदनाच होत नाही. त्याची प्रश्नावली कितीही शुद्ध मराठीत भरली तरी उत्तरे निरर्थक. रोहिणींचा दोष असलेल्या कित्येक रुग्णांत चालण्याची ती ठरावीक वेदना आढळतही नाही. शिवाय मधुमेहात रोहिणीच्या भिंतींत चुना साठून त्या कठीण होतात, दाबपट्टीने दबत नाहीत, आणि घोट्याचे गुणोत्तर खोटे वाढून १.४० च्याही वर जाते. म्हणजे जेथे रुग्णाचे शब्द संपतात आणि नेहमीचे मोजमापही फसते, तेथेच त्वचेकडे पाहणाऱ्या पद्धतीचा खरा उपयोग आहे. तिचे हे क्षेत्र लहान नाही. ते नेमके आखून घेतले म्हणजे तिचे मोल वाढेल, कमी होणार नाही.

६

आणखी एक संज्ञा विचारार्ह आहे. या पद्धतींच्या वर्णनात ‘स्पर्शाशिवाय’ हा शब्द गुणवाचक म्हणून येतो. संस्कृत धाटणीने ‘अस्पर्श’ म्हणावे, तर मराठीत त्या शब्दामागे अस्पृश्यतेचा इतिहास उभा राहतो; म्हणून ‘स्पर्शरहित’ असा पर्याय श्रेयस्कर. परंतु शब्द बदलल्याने प्रश्न संपत नाही. आपल्या समाजात पायास हात लावणे ही क्रिया कधीच केवळ शारीरिक नसते. वडीलधाऱ्यांच्या पायास हात लावणे हा आदर. डॉक्टरांनी आपल्या मळक्या पायास हात लावावा, याचा कित्येक रुग्णांना संकोच. आणि परक्याच्या पायास हात लावणे हा काहींच्या मनात अजूनही कमीपणा. अशा स्थितीत स्पर्श टाळणारे साधन हाती आले तर ते सोयीचे वाटेल यात नवल नाही.

ही सोय कोठे योग्य आहे? उघडी जखम, भाजलेला भाग, संसर्गाचे भय, अथवा एका दिवसात शेकडो पाय तपासावयाचे शिबिर, येथे ती निःसंशय योग्य. इतरत्र मात्र पावलाच्या वरच्या अंगास व घोट्याच्या आतल्या बाजूस बोटे ठेवून नाडी लागते का हे पाहणे, यास मिनिटभराहून अधिक वेळ लागत नाही आणि त्यास यंत्रही लागत नाही. हा स्पर्शही अचूक नसतो, हे मान्य. पण रोहिणीविषयी तो जे सांगतो ते थेट रोहिणीकडून येते.

स्पर्श आणि यंत्र यांत विरोध मानण्याचे कारण नाही, हे महाराष्ट्रातील एका कार्यावरून दिसते. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यविशारदांच्या सहकार्याने अवयवातून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून त्याच्या अवरोधातील बदलांवरून रक्तप्रवाह अजमावण्याची पद्धत विकसित केली. तद्विषयक निबंध १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या पद्धतीत पट्टे पायास चिकटवावे लागतात. मात्र तिचे मोजमाप त्वचेपुरते मर्यादित नाही. ते पायाच्या सबंध छेदातून येते. स्पर्श राखल्याने काय मिळते आणि सोडल्याने काय गमावते, याचा हिशेब मांडावयाचा तर तुलनेस हे उदाहरण हाताशी आहे.

७

वरील विवेचनावरून काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना नावाविषयी. या पद्धतींस ‘निदान’ म्हणू नये. आयुर्वेदाच्या निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती असे पाच घटक सांगितले आहेत. त्यांत निदान म्हणजे कारण, आणि रोग प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे ते पूर्वरूप. कॅमेरा कारण सांगत नाही. ‘चाळणी-परीक्षा’ हा शब्द त्यास अधिक जुळतो. चाळणीने धान्य निवडता येते, शिजविता येत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे.

दुसरी सूचना शेऱ्याविषयी. ‘रक्ताभिसरण’ हा मोघम शब्द टाळून ‘पायास रक्त पोहोचण्यात अडचण’ व ‘पायातून रक्त परतण्यात अडचण’ असे दोन स्वतंत्र शेरे ठेवावेत. आणि प्रतिमेवरून त्यांत भेद करता येत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, व वैद्याने पाहिल्यावाचून आवळणारे मोजे घालू नयेत, अशी ताकीद त्याच कागदावर द्यावी.

तिसरी सूचना तुलनेविषयी. एका स्थिर प्रतिमेवर निर्णय देऊ नये. पाय उंच धरल्यावर फिका पडतो काय, व खाली सोडल्यावर किती वेळाने लाल होतो, ही बर्गरच्या नावाची जुनी परीक्षा मुळात डोळ्यांनीच करावयाची आहे. कॅमेऱ्याने हेच दोन स्थितींत टिपले तर त्याच पायाची त्याच पायाशी तुलना होईल, आणि दोन्ही पाय सारखेच बिघडले असतानाही भेद हाती लागण्याचा संभव राहील.

चौथी सूचना क्रियापदाविषयी. प्रत्यक्ष ज्ञान, दिसणे आणि अनुमान यांतील भेद मराठी वक्ता क्रियापदानेच करतो : ‘दोष आहे’, ‘दोष दिसतो’, ‘दोष असावा’. त्वचेवरून रोहिणीविषयी बोलणाऱ्या साधनाचा अधिकार तिसऱ्या रूपापुरताच आहे. आज्ञावलीच्या मराठी शेऱ्यात ‘आहे’ ऐवजी ‘असावा’ लिहिण्यास काहीच खर्च येत नाही; परंतु तो वाचणारा मनुष्य पुढे दुकानाकडे वळेल की दवाखान्याकडे, हे पुष्कळ अंशी त्या एका रूपावर अवलंबून राहील. यंत्रज्ञ व वैद्य यांच्या सहकार्याने ही आज्ञावली लिहिली जाईल, तेव्हा तिच्या मराठी वाक्यांची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांनी आपली मानावी, एवढेच यानिमित्ताने सुचवावयाचे आहे.